क्लोटिल्डा राणीचा सूड : इ.स. ५२३ च्या बरगंडी युद्धामागे खरोखर तीच होती का?

पिंपळपान

फ्रँक (आजच्या उत्तर फ्रान्सवर राज्य करणारे जर्मानिक लोक) राजा क्लोविस याची विधवा राणी क्लोटिल्डा हिच्याविषयी तूर (फ्रान्समधील शहर) येथील बिशप ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस जी हकिकत लिहून ठेवली, ती लोकप्रिय इतिहासलेखनात आजही जशीच्या तशी येते. ती हकिकत थोडक्यात अशी. बरगंडी (आजचा आग्नेय फ्रान्स व पश्चिम स्वित्झर्लंड) येथील राजा गुंडोबाद याने आपला सख्खा भाऊ चिल्पेरिक याला तलवारीने ठार केले, चिल्पेरिकच्या पत्नीच्या गळ्यात दगड बांधून तिला पाण्यात बुडवले आणि त्यांच्या दोन मुलींना देशोधडीला लावले. थोरली क्रोमा धर्मव्रत घेऊन संन्यासिनी झाली. धाकटी क्लोटिल्डा हिच्याशी क्लोविसने इ.स. ४९३ च्या सुमारास विवाह केला. क्लोविस ५११ मध्ये वारला. पुढे ५२३ मध्ये या विधवा राणीने क्लोडोमेर, चिल्डेबेर्ट आणि क्लोथार या आपल्या तीन मुलांना आईबापांच्या खुनाचा बदला घेण्यास सांगितले आणि मुलांनी बरगंडीवर चाल केली.

मला ही कारणमीमांसा पटत नाही आणि का पटत नाही ते मांडतो. ज्याने खून केला असे सांगितले जाते तो गुंडोबाद ५१६ मध्येच मरण पावला होता, आणि तोही राज्यावर असताना. चढाई झाली ती त्याचा मुलगा सिगिस्मंड याच्यावर. सिगिस्मंडने वडिलांचा अरियसपंथ (ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा नाही असे मानणारा ख्रिस्ती पंथ) सोडून कॅथलिक मत स्वीकारले होते आणि ५१५ मध्ये आगोन येथे, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडमधील सां-मोरिस येथे, मठ स्थापन केला होता. क्लोटिल्डा स्वतः निष्ठावंत कॅथलिक होती. तिने तीस वर्षे गप्प राहून, गुन्हेगार मरेपर्यंत थांबून, मग त्याच्या, तिच्याच पंथात आलेल्या मुलावर सैन्य धाडावे, हे मला मनुष्यस्वभावाला धरून वाटत नाही. हे युद्ध राज्यविस्ताराचे होते आणि सूडाची कथा त्याला मागाहून चिकटली, असे माझे मत आहे. या काळाचा अभ्यास असलेल्या सभासदांनी साधार मते मांडावीत, अशी विनंती.

कोरीवलेणी

विषय अतिशय आवडला. मात्र चिल्पेरिक, चिल्डेबेर्ट, क्लोडोमेर, क्लोथार अशी नावे एकापाठोपाठ आली की माझ्यासारख्या नवख्या वाचकाचा गोंधळ होतो. दोन्ही घराण्यांची नाती एकदा सलग सांगता येतील का?

पिंपळपान

@कोरीवलेणी, अवश्य. बरगंडी घराण्यात गुंडिओक राजाचे चार मुलगे होते : गुंडोबाद, गोदेगिसेल, चिल्पेरिक आणि गोदोमार. त्यांपैकी गोदोमार आपल्या कथेत फारसा येत नाही. चिल्पेरिकची मुलगी ती क्लोटिल्डा. गुंडोबादचे दोन मुलगे, सिगिस्मंड आणि धाकटा गोदोमार (हा काकाच्याच नावाचा). म्हणजे सिगिस्मंड हा क्लोटिल्डेचा सख्खा चुलतभाऊ.

फ्रँक घराण्यात क्लोविसचे चार मुलगे होते. सर्वांत थोरला थ्यूडेरिक हा क्लोटिल्डेच्या आधीच्या स्त्रीपासून झालेला. क्लोडोमेर, चिल्डेबेर्ट आणि क्लोथार हे तिघे क्लोटिल्डेचे. बापाच्या मृत्यूनंतर चौघांनी राज्य वाटून घेतले. थ्यूडेरिक रँसला, क्लोडोमेर ऑर्लेआंला, चिल्डेबेर्ट पॅरिसला आणि क्लोथार सुआसोंला बसला. क्लोथारच्या एका मुलाचे नावही चिल्पेरिक आहे, परंतु तो पुढच्या पिढीतला फ्रँक राजा होय. त्याची येथे सरमिसळ होऊ देऊ नये.

तळटीप

पिंपळपान, तुमची मांडणी नेटकी आहे, पण ग्रेगरीला इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही. क्लोविसच्या मृत्यूनंतर क्लोटिल्डा बहुतांश काळ तूर येथेच, संत मार्टिनच्या चर्चच्या आश्रयाला राहत होती आणि ५४४ च्या सुमारास तेथेच वारली. ग्रेगरी त्याच तूरचा बिशप झाला तो ५७३ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूला जेमतेम तीस वर्षे झाली असताना. तिला पाहिलेले, तिच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकलेले वृद्ध धर्मगुरू त्या चर्चमध्ये त्या वेळी हयात असणे अगदी स्वाभाविक आहे. या राणीविषयी कोणाकडे खात्रीची आठवण असेल, तर ती तूरकरांकडेच असणार.

दुसरे असे की ग्रेगरी तिला जवळजवळ संतपदी बसवतो. तिचे दानधर्म, तिची प्रार्थना, क्लोविसला ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यातला तिचा वाटा हे सारे तो आदराने सांगतो. अशा स्त्रीने मुलांना सूडासाठी भरीला घातले, ही गोष्ट त्या प्रतिमेशी विसंगत आहे. लेखकाला गैरसोयीची असलेली गोष्ट तो स्वतःहून रचत नाही. ती त्याच्यापर्यंत आली म्हणून त्याने नोंदवली, असेच मानावे लागते.

सह्यकडा

तळटीप यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत नाही. ती गोष्ट ग्रेगरीला गैरसोयीची होती, हे आपण आजच्या नजरेने ठरवतो आहोत. तो ज्या समाजात वावरत होता, तेथे मारल्या गेलेल्या आप्ताची भरपाई घेणे, ती द्रव्यरूपाने असो वा रक्तरूपाने, हे नातेवाइकांचे कर्तव्य मानले जाई. फ्रँकांच्या सालिक कायद्यात स्वतंत्र फ्रँक पुरुषाच्या खुनासाठी २०० सुवर्णनाण्यांची भरपाई ठरवून दिलेली आहे. आईबापांचा खून पोटात घालून बसलेली मुलगी त्या काळच्या वाचकाला कदाचित अधिक दूषणास्पद वाटली असती.

शिवाय ग्रेगरीची स्वतःची एक ठाम दृष्टी आहे. आपल्या इतिहासग्रंथाच्या तिसऱ्या खंडाच्या प्रारंभीच तो सांगतो की पवित्र त्रैक्य मानणारा क्लोविस राज्य वाढवत गेला आणि अरियसपंथी गोदेगिसेल, गुंडोबाद व गोदोमार यांनी राज्यही गमावले आणि आत्माही. बरगंडी घराण्याचा नाश ही त्याच्या लेखी ईश्वरी शिक्षा आहे. शिक्षा दाखवायची तर आधी पाप दाखवावे लागते, आणि चिल्पेरिकचा खून हे ते पाप होय.

जुनेकागद

या चर्चेत ग्रेगरीपेक्षा ऐंशी-नव्वद वर्षांनी जुना असलेला एक पुरावा अजून आलेला नाही. व्हिएन (फ्रान्समधील ऱ्होन नदीकाठचे शहर) येथील बिशप आव्हितुस हा गुंडोबादचा समकालीन. तो स्वतः कॅथलिक होता, तरी अरियसपंथी राजाच्या दरबारात त्याला मोठा मान होता. गुंडोबादची मुलगी वारली, तेव्हा आव्हितुसने त्याला सांत्वनाचे पत्र लिहिले आणि ते पत्र आज उपलब्ध आहे. त्यात तो राजाला स्मरण देतो की पूर्वी तुम्ही आपल्या भावांच्या मृत्यूवर अवर्णनीय ममतेने अश्रू ढाळले होते. ज्याने भावाला स्वतःच्या हुकमाने मारले, त्याला सांत्वनपत्रात भावाच्या मृत्यूची आठवण कोणता शहाणा बिशप करून देईल?

तळटीप

@जुनेकागद, पत्राचा उल्लेख केलात हे उत्तम झाले, कारण त्याच परिच्छेदातले पुढचे वाक्यही पाहायला हवे. राजघराण्यातील माणसांची संख्या घटली ती राज्याच्या भाग्यानेच, आणि सत्तेला पुरेसे होते तेवढेच जगासाठी राखले गेले, अशा आशयाचे विधान आव्हितुस तेथे करतो. भावांचा मृत्यू राज्याला हितकारक ठरला, हे राजाच्या तोंडावर इतक्या उघडपणे म्हटले जाते ते कोणत्या परिस्थितीत? अश्रूंचा उल्लेख ही दरबारी शिष्टाई असू शकते, आणि त्याच्या पाठोपाठ आलेले वाक्य घडलेल्या गोष्टीचे समर्थन असू शकते. भावांपैकी एकाला, गोदेगिसेलला, गुंडोबादने व्हिएन जिंकल्यावर मारले, याविषयी तर कोणालाच शंका नाही. त्याच्याही मृत्यूवर त्याने अश्रू ढाळले होते, असेच या पत्रावरून म्हणावे लागेल.

सरोवराकाठी

मी गेली बरीच वर्षे जिनिव्हात राहते आणि येथील सां-पिएर कॅथीड्रलखालचे उत्खनन अनेकदा पाहिले आहे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या चर्चसमूहाचे अवशेष तेथे जमिनीखाली जतन केले आहेत. जिनिव्हा हे गोदेगिसेलचे राजपीठ होते. सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या इतिवृत्तात क्लोटिल्डेच्या बहिणीला सेडेल्यूबा म्हटले आहे आणि जिनिव्हाच्या वेशीबाहेरचे संत व्हिक्टरचे चर्च तिने बांधल्याची नोंद आहे. ती खरी धरली, तर बापाच्या मृत्यूनंतर या मुली गोदेगिसेलच्या आश्रयाला होत्या, असा त्याचा अर्थ होतो.

आता इ.स. ५०० मधील युद्धाकडे पाहा. गोदेगिसेलने क्लोविसशी गुप्त संधान बांधले आणि दोघांनी मिळून दिजोंजवळ ऊश नदीकाठी गुंडोबादचा पराभव केला. गुंडोबाद थेट आव्हिन्योंपर्यंत पळाला. त्या वेळी क्लोटिल्डा क्लोविसची राणी होती, ऐन उमेदीत होती, गुन्हेगार जिवंत होता आणि पराभूतही झाला होता. सूड घ्यायचा असता तर याहून योग्य घडी कोणती होती? तरीही क्लोविसने वार्षिक खंडणीच्या वचनावर वेढा उठवला आणि तो परतला. ग्रेगरीने या युद्धाचे सविस्तर वर्णन केले आहे आणि त्यात क्लोटिल्डेच्या गाऱ्हाण्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मला हे मौन आव्हितुसच्या पत्राहून अधिक बोलके वाटते.

कोरीवलेणी

खंडणी मान्य केल्यावर गुंडोबादने व्हिएन पुन्हा कसे घेतले? तो भाग मला ठाऊक नाही.

सरोवराकाठी

फ्रँक सैन्य दूर जाताच त्याने खंडणी थांबवली आणि व्हिएनला वेढा घातला. शहरात धान्य संपत आले, तेव्हा गोदेगिसेलने सामान्य लोकांना बाहेर काढले. त्या लोकांत शहराच्या जलवाहिनीची देखभाल करणारा कारागीर होता. त्याने रागाने गुंडोबादच्या सैनिकांना जलवाहिनीतून आत नेले. गोदेगिसेल अरियसपंथीयांच्या चर्चमध्ये लपला होता, तेथेच तो मारला गेला. रोमन अभियांत्रिकीचा असा उपयोग शत्रूने केल्याची हकिकत ग्रेगरीने फार ठसठशीत सांगितली आहे.

सह्यकडा

सरोवराकाठी यांनी फ्रेडेगारचा उल्लेख केला, त्याला धरून पुढे जातो. ही कथा पिढीगणिक कशी वाढत गेली, ते पाहण्यासारखे आहे. ग्रेगरीमध्ये विवाहाची हकिकत चार ओळींची आहे. दूतांनी मुलगी पाहिली, राजाला सांगितले, राजाने मागणी घातली, गुंडोबादला नकार देण्याचे धैर्य झाले नाही. फ्रेडेगारपर्यंत येईतो त्यात भिकाऱ्याच्या वेशात आलेला औरेलियानुस नावाचा दूत येतो, गुप्तपणे दिलेली अंगठी येते, क्लोटिल्डेच्या दोन भावांचा शिरच्छेद येतो. गुंडोबादचा सल्लागार आरिदियुस त्याला बजावतो की ही मुलगी आईबापांचा सूड घेतल्याशिवाय राहणार नाही. पाठलाग होतो आहे हे कळताच नववधू दोन्ही बाजूंचा बारा बारा कोसांचा बरगंडी मुलूख जाळायला लावते आणि सूडाचा आरंभ पाहायला मिळाला म्हणून देवाचे आभार मानते.

सत्तर-ऐंशी वर्षांत कथा एवढी फुलते, तर ५२३ ते ५९० या तेवढ्याच कालावधीत ग्रेगरीपर्यंत येतानाही ती फुलली नसेल, असे कशावरून मानायचे?

वाळवंटीतारा

वाचतो आहे. फार सकस चर्चा. कृपया थांबवू नका.

दगडीजीना

आतापर्यंत सारी चर्चा खून झाला की नाही याभोवती फिरते आहे. ५२३ मध्ये नेमके काय बदलले होते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे, कारण पिंपळपान यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते तेथे आहे.

गुंडोबादने आपल्या मुलाचा, सिगिस्मंडचा, विवाह इटलीचा ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याच्या मुलीशी लावला होता. त्या संबंधामुळे बरगंडीला दक्षिणेकडून मोठा आधार होता. तिच्यापासून सिगेरिक हा मुलगा झाला. ती वारल्यावर सिगिस्मंडने दुसरे लग्न केले. ग्रेगरी सांगतो की सणाच्या दिवशी सावत्र आईने थोरल्या राणीची वस्त्रे घातलेली पाहून सिगेरिक तिला लागेल असे बोलला, आणि तिने राजाच्या मनात भरवले की हा मुलगा तुम्हाला मारून इटलीपर्यंत राज्य पसरवू पाहतो आहे. ५२२ मध्ये सिगिस्मंडने झोपलेल्या मुलाच्या गळ्याभोवती फडके आवळून त्याला मारवले आणि मग प्रेतावर पडून आक्रोश केला. पश्चात्तापाने तो आगोनच्या मठात जाऊन उपवास करत राहिला आणि तेथे अखंड स्तोत्रगायनाची व्यवस्था त्याने लावून दिली, असे ग्रेगरी लिहितो.

सिगेरिक हा थिओडोरिकचा नातू होता. त्याच्या खुनाने बरगंडीचा एकमेव समर्थ मित्र शत्रू झाला. ५२३ मध्ये फ्रँक उत्तरेकडून उतरले, त्याच सुमारास ऑस्ट्रोगॉथ सेनापती तुलुइन दक्षिणेकडून पुढे सरकला आणि द्युरांस नदीपलीकडचा प्रदेश जवळजवळ न लढता त्याने घेतला. राजा एकाकी पडला आहे, त्याच्याच प्रजेत त्याच्याविषयी घृणा आहे, हे शेजाऱ्यांना दिसत होते. क्लोडोमेरच्या ऑर्लेआंच्या राज्याची सीमा तर बरगंडीला भिडलेली होती. अशा वेळी चढाई करायला आईच्या अश्रूंची गरज नसते.

पिंपळपान

दगडीजीना, मला जे म्हणायचे होते ते तुम्ही माझ्याहून चांगले मांडलेत. कोणाचे कोणाशी नाते होते यापेक्षा त्या वर्षी कोणाचे कोणाशी तुटले होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

तळटीप

दगडीजीना यांची मांडणी मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तरीही ती माझ्या मताला बाधक नाही. संधी केव्हा आली हे त्यांनी दाखवले. संधी साधताना राजे काय बोलले, हा वेगळा प्रश्न आहे. चढाई करायची तर सैन्यापुढे आणि सरदारांपुढे काही न्याय्य कारण ठेवावे लागते. आजोबा-आजीच्या खुनाचा बदला याहून सबळ कारण या तिघा भावांकडे कोणते होते? इतकेच नव्हे, तर चिल्पेरिकचे नातू म्हणून त्याच्या वाट्याच्या राज्यावर हक्कही सांगता येत होता.

येथे थ्यूडेरिकचे वर्तन लक्षात घ्यावे. तो क्लोटिल्डेचा मुलगा नव्हता आणि त्याची पत्नी सिगिस्मंडची मुलगी होती. पुढे ५३२ च्या सुमारास चिल्डेबेर्ट आणि क्लोथार पुन्हा बरगंडीवर निघाले, तेव्हा त्याने जायला साफ नकार दिला. त्याचेच सैनिक बिथरले, तेव्हा लूट मिळवून देण्यासाठी त्याने त्यांना क्लेर्मोंकडे वळवले. म्हणजे बरगंडीच्या युद्धात पुढाकार घेणारे तेवढे क्लोटिल्डेच्या पोटचे होते. हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

जुनेकागद

तळटीप यांचा हक्काचा मुद्दा वजनदार आहे. बदला आणि वारसा यांची अशी सांगड बसते, हे मी मान्य करतो. तथापि खुद्द बरगंडी कायदा याविषयी काय म्हणतो तेही पाहू. गुंडोबादच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि ५१७ मध्ये सिगिस्मंडच्या काळात प्रसिद्ध झालेल्या संहितेत, मारल्या गेलेल्याच्या नातेवाइकांनी खुन्याखेरीज अन्य कोणाचाही पाठलाग करू नये, असे स्पष्ट कलम आहे. त्या कायद्याने पाहिले तर गुंडोबादच्या अपराधासाठी सिगिस्मंडवर शस्त्र धरणे अवैधच ठरते. अर्थात परराज्यातला राजा बरगंडी कायद्याने बांधलेला नव्हता. पण क्लोटिल्डा ज्या घरात वाढली, त्या घरातील न्यायाची कल्पना ही होती.

कोरीवलेणी

सिगिस्मंडचा शेवट विहिरीत टाकून झाला, असे वाचले होते. ते याच युद्धात का?

दगडीजीना

होय. पराभवानंतर सिगिस्मंड आगोनच्या दिशेने पळाला, पण पकडला गेला. क्लोडोमेरने त्याला, त्याच्या पत्नीला आणि मुलांना ऑर्लेआं परिसरात कैदेत ठेवले. धाकट्या गोदोमारने सैन्य जमवून राज्य परत घेतले, तेव्हा पुन्हा निघण्यापूर्वी क्लोडोमेरने कैद्यांना मारायचे ठरवले. मिसी मठाचा महंत आव्हितुस (हा व्हिएनच्या बिशपाहून वेगळा) याने त्याला बजावले की यांना मारलेस तर तुझी आणि तुझ्या बायकामुलांचीही हीच गत होईल. त्यावर, समोरच्या शत्रूवर चालून जाताना मागे घरात शत्रू ठेवणे हा मूर्खपणा आहे, असे क्लोडोमेरने उत्तर दिले. सर्वांना मारून आजच्या सां-पेरावी-ला-कोलोंब या गावी विहिरीत टाकण्यात आले.

या उत्तरात सूडाचा लवलेश नाही, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ग्रेगरीनेच क्लोडोमेरच्या तोंडी जे शब्द घातले, ते थंड डोक्याच्या सेनानीचे आहेत.

क्लोडोमेर ५२४ मध्ये वेझेरोंसच्या लढाईत पडला. त्याचे लांब केस पाहून बरगंडी सैनिकांनी हा राजा आहे हे ओळखले, असे ग्रीक इतिहासकार आगाथियास सांगतो. त्या परिसरातील दलदलीत १८७१ मध्ये सोन्याचा मुलामा असलेले शिरस्त्राण सापडले, ते आज ग्रनोबलच्या संग्रहालयात आहे.

सरोवराकाठी

थोडे अवांतर, पण याच घराण्याचे आहे. ज्या सिगिस्मंडने स्वतःच्या मुलाला मारवले, तो पुढे संत मानला गेला. काही वर्षांनी त्याचे अवशेष विहिरीतून काढून आगोनला नेले, आणि तापाने आजारी असलेले लोक त्याच्या नावाने प्रार्थना करू लागले. चौदाव्या शतकात सम्राट चौथा कार्ल याने त्याचे अवशेष प्रागला नेले. आपल्या एका मुलाचे नाव त्याने सिगिस्मंड ठेवले आणि तो मुलगाही पुढे सम्राट झाला. प्रागच्या संत व्हीतुस कॅथीड्रलमधील १५४९ ची महाकाय घंटा आजही त्याच संताच्या नावाने ओळखली जाते. आगोनच्या मठाने २०१५ मध्ये पंधराशे वर्षे पूर्ण केली. तेथील कड्याच्या पायथ्याशी जुन्या चर्चांचे पाये पाहताना, मुलाच्या रक्ताने हात माखलेल्या राजाने हेच ठिकाण का निवडले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वाळवंटीतारा

महंत आव्हितुसाची भविष्यवाणी खरी ठरली का?

सह्यकडा

ग्रेगरीच्या मांडणीत ती पूर्णपणे खरी ठरते, आणि म्हणूनच मला ती मागाहून बेतलेली वाटते. क्लोडोमेरची तीन लहान मुले आजी क्लोटिल्डेकडे वाढत होती. ती त्यांना राज्य मिळवून देईल या भीतीने चिल्डेबेर्ट आणि क्लोथार यांनी मुलांना राज्याभिषेकाच्या निमित्ताने मागवून घेतले आणि आर्कादियुस नावाच्या सरदाराबरोबर क्लोटिल्डेकडे कात्री व नागवी तलवार पाठवली. मुलांचे केस कापायचे की मुलांना मारायचे, हे तिने सांगावे. क्लोविसच्या मेरोव्हिंजियन घराण्यात लांब केस हीच राजत्वाची खूण होती, त्यामुळे केस गेले की राज्याचा हक्क गेला. दुःखाच्या आवेगात ती म्हणाली की राज्यावर बसणार नसतील, तर केस कापलेले पाहण्यापेक्षा मेलेले पाहीन. क्लोथारने दहा आणि सात वर्षांच्या दोघा पुतण्यांना स्वतःच्या हाताने भोसकले. तिसरा क्लोडोआल्ड वाचला. त्याने स्वतःच केस कापले आणि तो धर्मगुरू झाला. पॅरिसजवळचे सां-क्लू हे गाव त्याच्याच नावाने आहे.

इंद्रायणी

मी इतका वेळ केवळ वाचत होते, पण कात्रीच्या प्रसंगावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. या दोन्ही कथांत निर्णयाचा भार क्लोटिल्डेवर टाकला आहे, हे कोणी लक्षात घेतले का? युद्ध केले मुलांनी, पण सांगितले आईने. पुतण्यांना मारले काकांनी, पण शब्द उच्चारला आजीने. ग्रेगरी तिच्यावर प्रेम करतो यात शंका नाही, तरी राजपुत्रांनी केलेल्या हत्यांची जबाबदारी दोन्ही वेळा एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून निघालेल्या वाक्याकडे सरकते. सिगेरिकच्या खुनातही सावत्र आईच्या चिथावणीचा तोच साचा आहे.

ग्रेगरी लिहीत होता तेव्हा ब्रुनहिल्डा आणि फ्रेडेगुंड या दोन फ्रँक राण्यांचे वैर त्याच्या डोळ्यांसमोर होते. ब्रुनहिल्डेची बहीण गालस्विंथा हिला तिच्या नवऱ्याने, म्हणजे फ्रँक राजा चिल्पेरिकने, गळा आवळून मारवले आणि फ्रेडेगुंडेशी लग्न केले. त्या खुनाची भरपाई मात्र रक्ताने ठरली नव्हती. राजा गुंत्राम याच्या मध्यस्थीने गालस्विंथेला विवाहात मिळालेली बोर्दो, लिमोज, काओर वगैरे पाच शहरे ब्रुनहिल्डेला द्यावीत असे ठरले, आणि ५८७ च्या आंदलो येथील तहात त्यांचा पुन्हा उल्लेख आहे. राजघराण्यातील स्त्रीच्या खुनावर असा व्यवहारी तोडगा निघत होता. तरीही ब्रुनहिल्डेची ख्याती उरली ती सूड घेणारी राणी अशीच.

तळटीप

इंद्रायणीताई, तुमचे निरीक्षण मला विचार करायला लावणारे आहे. तरीही ते सरसकट लागू करू नये, असे मी सुचवेन. गुंडोबाद, क्लोडोमेर आणि क्लोथार यांच्या क्रौर्याबद्दल ग्रेगरी कोठेही सारवासारव करत नाही. कात्रीच्या प्रसंगात सात वर्षांचा मुलगा चिल्डेबेर्टच्या गुडघ्यांना बिलगतो आणि चिल्डेबेर्टच्या डोळ्यांत पाणी येते, तेव्हा क्लोथार त्याला धमकावतो. हे वर्णन लिहिणाऱ्याने दोष कोणाचा, हे लपवलेले नाही.

जुनेकागद

मूळ प्रश्नाकडे परत येतो. दोन गोष्टी या चर्चेत अजून यायच्या आहेत.

पहिली म्हणजे लिओं येथे ५०६ मध्ये मरण पावलेल्या कारेतेने नावाच्या बरगंडी राणीचा मृत्युलेख. ती कॅथलिक होती आणि तिने मुलानातवंडांना त्या मतात आणल्याची तेथे स्तुती आहे. ती गुंडोबादची पत्नी असे दीर्घकाळ मानले जात होते. काही अभ्यासकांनी मात्र ती चिल्पेरिकची विधवा, म्हणजे क्लोटिल्डेची आई असावी, असा तर्क मांडला आहे. तो तर्क बरोबर असेल, तर गळ्यात दगड बांधून बुडवलेली आई ५०६ पर्यंत सन्मानाने जगली, असे म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट मला निर्णायक वाटते. क्लोटिल्डेचा नातू गुंत्राम, क्लोथारचा मुलगा, ५६१ पासून बरगंडीवर राज्य करत होता. त्याला व्हेनेरांदा नावाच्या स्त्रीपासून झालेल्या मुलाचे नाव गुंडोबाद होते. हे ग्रेगरीनेच नोंदवले आहे. ज्या आजीच्या आईबापांना गुंडोबादने मारले आणि जिने त्यासाठी तीन राजांना युद्धावर धाडले, त्या आजीच्या नातवाने आपल्या मुलाला त्याच खुन्याचे नाव द्यावे?

तळटीप

ते नाव बरगंडी प्रजेसाठी होते, असे मी म्हणेन. गुंत्रामचे राजपीठ शालों येथे होते आणि तेथील लोकांच्या मनात गुंडोबाद हा खुनी नव्हता, तर कायदा देणारा थोर राजा होता. त्याच्या नावाने संहिता चालत होती. फ्रँक राजाने त्या वारशावर हक्क सांगण्यासाठी ते नाव घेतले. त्याच न्यायाने क्लोथारने एका मुलाचे नाव चिल्पेरिक ठेवले, ते क्लोटिल्डेच्या बापाचे.

पिंपळपान

तळटीप, तुमचे हे उत्तर मला मान्य आहे, आणि त्याचा पुढचा अर्थ मी असा काढतो. चिल्पेरिक आणि गुंडोबाद ही दोन्ही नावे क्लोथारच्या घरात एकाच काळी निःसंकोच घेतली जात होती. याचा अर्थ सहाव्या शतकाच्या मध्याला खुद्द राजघराण्यात त्या दोघा भावांतील रक्ताच्या वैराची आठवण जागती नव्हती, किंवा असली तरी तिला राजकीय किंमत उरली नव्हती. ती जागती होती ती तूरमध्ये, संत मार्टिनच्या चर्चभोवती, जेथे क्लोटिल्डेने वैधव्याचा काळ काढला. तेव्हा तुमचा पहिला मुद्दा, ग्रेगरीने ही कथा तूरमध्येच ऐकली असावी, हा मी स्वीकारतो. युद्धाचे कारण म्हणून ती कथा मी अजूनही घेत नाही. ते कारण दगडीजीना यांनी सांगितलेले, सिगेरिकच्या खुनानंतरचे बरगंडीचे एकाकीपण हेच.

दगडीजीना

एक पुरवणी जोडतो. ५३४ मध्ये गोदोमारचा अखेरचा पराभव होऊन बरगंडीचे राज्य बुडाले, तेव्हा त्याची वाटणी तिघांत झाली : चिल्डेबेर्ट, क्लोथार आणि थ्यूडेरिकचा मुलगा थ्यूडेबेर्ट. हा तिसरा क्लोटिल्डेचा नातू नव्हता, उलट त्याच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी या मोहिमेला नकार दिला होता. त्यालाही वाटा मिळाला, कारण तोपर्यंत तो फ्रँक राजांतला सर्वांत बलाढ्य झाला होता.

तळटीप

हे मान्य. तरी ५२३ आणि ५३४ ही दोन वेगळी युद्धे आहेत, आणि पहिल्याचा न्याय दुसऱ्याच्या वाटणीवरून करता येणार नाही. थ्यूडेबेर्टच्या इटलीतील मोहिमांवर स्वतंत्र धागा निघाला, तर तेथे यावर सविस्तर लिहायला मला आवडेल.